पहिल्यांदाच ‘परत’ आलेले

माझी हॉस्टेलमधली रूममेट मडगावची. तिच्या मोबाइलमध्ये एक फोटो आहे. मोठ्ठी लाकडी पेटी, चहूबाजूंनी खिळे ठोकलेली, एका बाजूला काळ्या रंगात जाड अक्षरांत आडनाव आणि त्याखाली ‘लिश्बोआ’. म्हणजे लिस्बन. ही पेटी तिच्या आजीच्या धाकट्या भावाची. ती त्यांना ‘तियू’ म्हणते, म्हणून आता मीही तियूच म्हणते. तियूंचं वय ७४. जन्म गोव्यात, पहिली नोकरी मोझांबिकमध्ये आणि गेली जवळजवळ पन्नास वर्षं मुक्काम लिस्बनजवळच्या एका गावात.

पोर्तुगीज सरकारच्या लेखी तियू कोण होते, माहितेय? ‘रेतोर्नादु’. मराठीत सांगायचं तर परत आलेला. आता गंमत बघा. १९७६ मध्ये विमानातून उतरेपर्यंत तियूंनी पोर्तुगाल कधी पाहिलाच नव्हता. त्यांच्या वडिलांनीही नाही. जिथे आयुष्यात कधी पाऊल ठेवलं नाही, तिथे माणूस परत कसा येतो?

मी मास कॉमची विद्यार्थिनी आहे, त्यामुळे असा प्रश्न डोक्यात शिरला की झोप लागत नाही. शोधत गेले आणि कळलं की तियू एकटे नाहीत. १९७४ ते १९७६ या दोनेक वर्षांत सुमारे पाच लाख माणसं आफ्रिकेतून पोर्तुगालात आली. काही अंदाज यापेक्षाही मोठे आहेत. तेव्हा पोर्तुगालची अख्खी लोकसंख्या ९० लाखांच्या आसपास होती. म्हणजे दर शंभर माणसांमागे पाच-सहा नवी माणसं, तीही बहुतेक हातात एक सुटकेस घेऊन. आपल्याकडे युगांडाचा इदी अमीन माहीत असतो, कारण त्याने हाकललेल्यांत आपले गुजराती होते. त्यातले २७-२८ हजार लोक ब्रिटनने घेतले तरी तिथे केवढा गदारोळ झाला होता. इथे तर आकडा पाच लाखांचा आणि देश युरोपातल्या सगळ्यात गरीब देशांपैकी एक. तरी ही गोष्ट आपल्याला कुणी सांगितलेली नसते.

एक क्रांती आणि रिकामी होणारी शहरं

थोडा इतिहास लागेल, पण लवकर आटपते. पोर्तुगालने १९५१ मध्ये आपल्या वसाहतींचं नाव बदललं. त्या वसाहती नाहीत, ‘समुद्रापारचे प्रांत’ आहेत, असं सरकार जगाला सांगू लागलं. अंगोला, मोझांबिक आणि हो, आपला गोवाही. भारत गोवा मागत होता, तेव्हा हुकूमशहा सालाझारचं उत्तर हेच असायचं : प्रांत कुणी कुणाला देतं का? १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, पण आफ्रिकेत पोर्तुगाल तेरा वर्षं लढत राहिला. शेवटी त्या युद्धाला कंटाळलेल्या त्याच्याच लष्करी अधिकाऱ्यांनी २५ एप्रिल १९७४ ला लिस्बनमध्ये सत्ता उलथवली. सैनिकांच्या बंदुकीत लोकांनी लाल कार्नेशनची फुलं खोचली, तो फोटो तुम्ही पाहिला असेल.

फुलांचा फोटो सगळ्यांनी पाहिला. त्यानंतर काय झालं ते कमी जणांनी. मोझांबिक २५ जून १९७५ ला स्वतंत्र झालं, अंगोला ११ नोव्हेंबरला. अंगोलात स्वातंत्र्याआधीच तीन संघटना आपापसात लढू लागल्या आणि राजधानी लुआंडात रस्त्यावर गोळीबार सुरू झाला. लोकांनी घरंदारं सोडून निघायची तयारी केली. लुआंडात तेव्हा सुतारांना सोन्याचे दिवस आले म्हणतात. प्रत्येकाला पेटी हवी होती. पोलिश पत्रकार रिशार्ड कापुश्चिन्स्की तेव्हा लुआंडात होता. त्याने पेट्यांनी भरलेल्या त्या शहरावर लिहिलंय, ते आमच्या वर्गात वाचायला सांगतात. वाचताना मला अतिशयोक्ती वाटली होती. मग रूममेटने तो फोटो दाखवला.

अंगोलातून माणसं बाहेर काढायला १९७५ च्या उन्हाळ्यात हवाई पूल उभारला गेला. विमानं चोवीस तास लिस्बनच्या फेऱ्या मारत होती. पोर्तुगालची स्वतःची विमानं पुरेनात, म्हणून अमेरिकेसह इतर देशांनी मदत केली. काही महिन्यांत दोन लाखांहून जास्त माणसं आली. मोझांबिकमधलं निघणं जरा सावकाश होतं, पण तिथेही शाळा, दवाखाने आणि भाड्याची घरं नव्या सरकारने ताब्यात घेतली. ज्याच्यावर संशय त्याला २४ तासांत २० किलो सामानासह देश सोडायचा हुकूम मिळे. लोकांनी त्याला नावच पाडलं होतं : चोवीस-वीस.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करायला हवी, नाहीतर हा लेख एकतर्फी होईल. ही सगळी बिचारी माणसं नव्हती. त्यातल्या अनेकांचे मळे, बंगले आणि दुकानं आफ्रिकी मजुरांच्या घामावर उभी होती. सक्तीची मजुरी अंगोलात १९६० च्या दशकापर्यंत कायद्यात बसत होती. ज्यांची जमीन होती त्यांना ती परत मिळत होती, म्हणून हे निघत होते. पण त्या विमानात शिंपीही होते, कारकून होते, शाळेतल्या बाई होत्या आणि खूप सारी मुलं होती. आलेल्यांपैकी साधारण तिघांतल्या एकाचा जन्म पोर्तुगालातला नव्हता. तेही ‘परत’च येत होते.

सरकारचं एक खातं आणि पाच लाख पत्ते

या माणसांचं करायचं काय? यासाठी मार्च १९७५ मध्ये पोर्तुगालने एक संस्था काढली. नाव लांबलचक आहे, लोक नुसतं ‘इआर्न’ म्हणायचे. स्वदेशात परतणाऱ्या नागरिकांना आधार देणारी संस्था, असा त्याचा अर्थ. विमानतळावर इआर्नची टेबलं, टेबलावर फॉर्म. नाव, जन्मठिकाण, कुठून आलात, इथे नातेवाईक कोण. नातेवाईक असले तर त्या गावाचं तिकीट. नसले तर डोक्यावर छप्पर इआर्न बघणार.

आणि छप्पर कुठलं, तर हॉटेलांचं! क्रांतीनंतर परदेशी पर्यटक येईनासे झाले होते, हॉटेलं रिकामी पडली होती. सरकारने त्या खोल्या भाड्याने घेतल्या. समुद्रकाठच्या एश्टोरिल भागातल्या पंचतारांकित हॉटेलातही कुटुंबंच्या कुटुंबं राहिली. दुल्से मारिया कार्दोझो ही लेखिका स्वतः १९७५ मध्ये अंगोलातून आलेली मुलगी. तिची ‘ओ रेतोर्नु’ ही कादंबरी अशाच हॉटेलात राहणाऱ्या एका पोराची गोष्ट आहे, इंग्रजीतही आलीय. ऐकायला भारी वाटतं ना, पाच ताऱ्यांचं निर्वासित जीवन? पण एका खोलीत अख्खं घर, स्वयंपाक करायला मनाई आणि बाहेर रस्त्यावर लोक म्हणणार, आमच्या पैशावर मजा मारतायत. हॉटेलांची चर्चा सगळ्यात जास्त झाली, पण बहुसंख्य लोक राहिले ते उत्तरेकडच्या खेड्यांत, काका-मामांच्या घरी, जिथे आधीच खायची तोंडं जास्त होती. हॉटेलं, पेन्शन म्हणजे खानावळवजा लॉज, सुटीतले कॅम्प, सगळं भरलं. पेनिशच्या किल्ल्यात सालाझारच्या काळात राजकीय कैदी ठेवत. क्रांतीनंतर ते सुटले आणि पुढे त्याच किल्ल्यात या कुटुंबांची सोय केली गेली.

तियूंना लिस्बनमध्ये एका पेन्शनमधली खोली मिळाली, आणखी तिघांबरोबर. व्हिडिओ कॉलवर मी त्यांना विचारलं, पहिल्या दिवसाचं काय आठवतं? मला वाटलं होतं, थंडी किंवा आईची आठवण असं काही सांगतील. त्यांना रांग आठवते. ते तेव्हा २४ वर्षांचे, माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठे. रांगेत पुढे उभ्या असलेल्या बाईच्या कडेवरचं मूल त्यांचं बोट सोडत नव्हतं, तेही आठवतं. (आणि त्यांनी मला विचारलं, तू जेवलीस का? मी नाही म्हटल्यावर मुलाखत दहा मिनिटं थांबवली.)

तियू मोझांबिकच्या सरकारी रेल्वेत कारकून होते, हे त्यांचं नशीब. कारण वसाहतींतल्या सरकारी नोकरांसाठी लिस्बनने एक वेगळी यादी केली होती. त्या यादीत नाव असलं की पगार सुरू, आणि कुठल्यातरी खात्यात जागा निघेपर्यंत वाट बघायची. तियू कित्येक महिने पगार घेत होते आणि काम नव्हतं. ऐकून मला हेवा वाटला, तर ते म्हणाले की दुपारी दोन वाजता बागेतल्या बाकावर बसलेला तरुण माणूस कसा दिसतो, हे त्या दिवसांत त्यांना कळलं. खासगी नोकरीवाल्यांना ही सोय नव्हती. अंगोलाचं चलन पोर्तुगालात कुणी बदलून देत नव्हतं, त्यामुळे आयुष्यभराची शिल्लक बॅगेत असून ती कागदाच्या किमतीची. चिडलेल्या लोकांनी मोर्चे काढले, कचेऱ्यांना घेराव घातले.

आणि हे सगळं चालवणारं सरकार तरी स्थिर असावं? दोन वर्षांत सहा हंगामी सरकारं झाली. १९७६ मध्ये निवडून आलेल्या सरकारने विस्थापितांसाठी खास उच्चायुक्त नेमला. गोन्साल्व्हेस रिबेरो हा लष्करी अधिकारी. लुआंडातला हवाई पूल सांभाळणाऱ्यांत तोच होता, म्हणजे माणसं विमानात चढवणाऱ्यानेच आता त्यांना घरं शोधायची. छोट्या धंद्यांसाठी कर्जं निघाली, तयार सांगाड्यांची घरं बांधली गेली. १९८१ मध्ये इआर्न बंद झालं. तोवर बहुतेकांचं बस्तान बसलं होतं. एवढे लोक एवढ्या कमी वेळात सामावले गेले, म्हणून अभ्यासक आजही या उदाहरणाचं कौतुक करतात.

कौतुक मलाही वाटतं. पण एक तारीख मध्ये येते.

२४ जून १९७५

मोझांबिक २५ जूनला स्वतंत्र होणार होतं. त्याच्या आदल्या दिवशी लिस्बनने नागरिकत्वाचा एक हुकूम काढला. तोपर्यंत अंगोला, मोझांबिकमध्ये जन्मलेली माणसं कागदोपत्री पोर्तुगीज होती. ‘प्रांत’ म्हटलं होतं ना! आता ठरलं की पोर्तुगीज कोण, तर जो खुद्द पोर्तुगालात जन्मला तो, किंवा ज्याचे आई-वडील, आजी-आजोबा, फार तर पणजोबा तिथे जन्मले तो. थोडेफार अपवाद होते. बाकी सगळ्यांचं नागरिकत्व गेलं.

कायद्यात ‘गोरा’ किंवा ‘काळा’ हा शब्द कुठेही नाही. गरजच नव्हती. लुआंडात जन्मलेल्या गोऱ्या मुलाचे आजोबा पोर्तुगालातले असायचे, लुआंडात जन्मलेल्या काळ्या मुलाचे आजोबा लुआंडातलेच. पोर्तुगीज सैन्यात भरती होऊन पोर्तुगालसाठी लढलेले हजारो आफ्रिकी सैनिक होते. तेही परके ठरले. इआर्नची मदत हवी तर पोर्तुगीज असल्याचं दाखवावं लागे. सरकारला ‘निर्वासित’ हा शब्दच नको होता, कारण आपला नागरिक आपल्याच देशात निर्वासित कसा होईल? म्हणून ‘परत आलेला’. आणि जो ‘परत आलेला’ नाही तो परदेशी, मग तो त्याच विमानातून का उतरलेला असेना.

आता तियूंचं काय? त्यांचा जन्म पोर्तुगालातला नाही, पणजोबाही सालसेतचेच. हिशेबाने ते बाहेर जायला हवे होते. पण त्या हुकुमात आपल्यासाठी एक ओळ आहे. पूर्वीच्या ‘एश्तादु द इंडिया’मध्ये, म्हणजे गोवा, दमण, दीव वगैरे भागांत जन्मलेले लोक, पोर्तुगीज राहायचं असं त्यांनी जाहीर केलं तर पोर्तुगीज राहतील.

ही ओळ कुठून आली असेल, याचा अंदाज बांधायला सहा महिने मागे जावं लागतं. ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत भारत आणि पोर्तुगालचा करार झाला. तेरा वर्षं तोंड फिरवून बसलेल्या पोर्तुगालने गोवा, दमण, दीव, दादरा-नगर हवेलीवर भारताचा हक्क मान्य केला. त्यांच्याकडून सही परराष्ट्रमंत्री मारियो सोआरेस यांची, आपल्याकडून यशवंतराव चव्हाणांची. (हो, आपले कऱ्हाडचे यशवंतरावच. शाळेत शिकवताना त्यांचा ‘संयुक्त महाराष्ट्र’ संपतो आणि हे सगळं राहून जातं.) गोवा भारताचा, हे मान्य झालं. पण गोव्यात जन्मून मोझांबिकमध्ये फाइली सांभाळणारा माणूस कुणाचा? त्याचं उत्तर त्या एका ओळीत होतं.

गोवेकरांचं आफ्रिकेतलं स्थान अधलंमधलं होतं. गोव्यात मुंबईला कमावणाऱ्याला बोमयकार म्हणतात, तसा आफ्रिकेतला तो आफ्रिकार. पोस्ट, कस्टम, रेल्वे, शाळा, दवाखाने यांत गोवेकर भरलेले. साहेब पोर्तुगीज, हमाल आफ्रिकी, मधला कारकून गोवेकर. १९६१ मध्ये गोवा हातचा गेल्यावर चिडलेल्या पोर्तुगालने मोझांबिकमधल्या भारतीय पासपोर्टवाल्यांना छावण्यांत डांबलं आणि पुढच्या वर्षी हाकलून दिलं. त्यात बहुतेक गुजराती व्यापारी होते. गोवेकरांना हात लावला नाही, कारण ते ‘पोर्तुगीज’. तियू तेव्हा दहा वर्षांचे. वर्गातला त्यांच्या शेजारी बसणारा मुलगा एके दिवशी यायचा बंद झाला. पासपोर्ट म्हणजे काय, हे त्यांना त्या रिकाम्या जागेवरून समजलं.

सगळे गोवेकर निघाले असंही नाही. बार्देशात जन्मलेले आकिनो द ब्रागांसा मोझांबिकच्या स्वातंत्र्यचळवळीसोबत होते, नंतर राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांचे सल्लागार झाले आणि १९८६ मध्ये त्यांच्याच विमानाच्या अपघातात गेले. पण हजारो निघाले. लिस्बनमध्ये आज दीवच्या हिंदूंची देवळं दिसतात, गोवेकरांची मंडळं दिसतात, त्यांतल्या बऱ्याच जणांचा रस्ता मोझांबिकवरून आलेला आहे. (पोर्तुगालचे माजी पंतप्रधान अंतोनियो कोश्ता यांचं नाव इथे सगळे घेतात. त्यांचे वडील मोझांबिकमध्ये जन्मले, मडगावला वाढले हे खरं, पण ते लिस्बनला या लाटेच्या कितीतरी आधीच गेले होते. तेव्हा त्यांना यात मोजू नका.)

मी तियूंना सरळ विचारलं की तुमच्या रेल्वेतल्या आफ्रिकी सहकाऱ्यांचं काय झालं? ते जरा वेळ बोलले नाहीत. त्यांच्या टेबलासमोर बसणारा एक जण होता, तियूंपेक्षा चार वर्षं जास्त नोकरी झालेला, पोर्तुगीज त्यांच्याहून चांगलं लिहिणारा. त्यालाही यायचं होतं. तियूंनी ‘मला पोर्तुगीज राहायचंय’ असं लिहून दिलं आणि झालं. त्याला असं लिहून द्यायची सोयच नव्हती. पुढे पत्रव्यवहार तुटला. तियू म्हणाले, तेव्हा मला वाटलं होतं की मी हुशार, वेळेवर कागद भरला. हे ते कोंकणीत म्हणाले आणि रूममेटने मराठीत सांगताना आवाज खाली आणला.

त्याच ओळीच्या आणि नंतरच्या कायद्यांच्या आधारावर आजही गोव्यातली मुलं आजोबांची जन्मनोंद लिस्बनला करतात आणि पोर्तुगीज पासपोर्ट घेतात. आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे तो घेतला की भारतीय पासपोर्ट जातो. माझ्या रूममेटच्या वर्गातल्या चौघांनी घेतलाय. तिचे कागद तयार आहेत, फॉर्म अर्धा भरून कपाटात पडलाय. त्यावर दर महिन्याला घरी भांडण होतं आणि त्याचा आवाज मला फोनच्या बाहेर ऐकू येतो.

पेटीचं राहिलंच. लिस्बनमध्ये तेजो नदीकाठी दर्यावर्दींचं एक भलंमोठं स्मारक आहे, जहाजाच्या नाळेसारखं. त्यावर दगडातला वास्को द गामाही उभा आहे, ज्याच्या नावाच्या स्टेशनवर आपण गोव्याला जाताना उतरतो. १९७५ मधल्या फोटोंत त्या स्मारकाच्या पायाशी आफ्रिकेतून आलेल्या पेट्यांचे डोंगर दिसतात, मालकांची वाट बघत. तियूंची पेटी अशाच एका ढिगात होती. ती मिळाली, तेव्हा त्यांना येऊन अकरा महिने झाले होते. कपडे कुजलेले, फोटोंचा अल्बम चिकटून एक झालेला. धड राहिला तो फक्त रगडो, म्हणजे वाटणाचा दगड. तो त्यांच्या आईने गोव्याहून मोझांबिकला नेला होता. पेन्शनमध्ये स्वयंपाक करू देत नसत, म्हणून दोन वर्षं तो कॉटखाली होता. व्हिडिओ कॉलवर तियूंनी कॅमेरा फिरवून दाखवला. ओट्यावर मिक्सर आहे, आणि खाली जमिनीवर, ओला, नुकताच धुतलेला, रगडो.